भाकर देता की तोंड मागता?

भावांनो, आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो. दुसऱ्याच्या नंतर मारू.

मे २०२०. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, म्हणजे ज्यांच्या पायात चप्पल होती त्यांच्या. आमचं मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावर. खालून हैदराबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, मालेगाव करत माणूस वर निघाला की आमच्या गावावरून जातो, पातूरचा घाट उतरतो, अकोला गाठतो आणि तिथून खांडवा-बऱ्हाणपूरकडं निघतो. नकाशावर हा रस्ता बोटभर आहे. त्या महिन्यात तो माणसांनी भरला होता. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले. डोक्यावर गाठोडं, काखेत पोर, हातात प्लास्टिकची बाटली. सरकार त्यांना ‘स्थलांतरित मजूर’ म्हणत होतं. मी निर्वासित म्हणतो. ज्याला राहत्या जागेतून भुकेनं हाकललं आणि ज्याला वाटेतलं एकही गाव आत घेत नाही, तो निर्वासित. त्यासाठी देशाची सरहद्द ओलांडावी लागत नाही.

आम्ही वस्तीतल्या पोरांनी बुद्धविहारापुढं चुली मांडल्या होत्या. १४ एप्रिलची जयंती त्या वर्षी घराघरात झाली. मिरवणूक नाही, डीजे नाही. वर्गणी तशीच पडून होती, ती शिध्यात घातली. ज्वारी घरोघरची. भाकरी थापायला आयाबाया. आम्ही पोट्टे पाणी भरायला, वाटायला आणि मिरवायला.

मिरवायला. हे मुद्दाम लिहितो.

तालुक्याच्या एका दानशूरानं दोन पोती तूरडाळ धाडली होती. पोत्यांबरोबर एक बॅनरही धाडलं. बॅनरवर त्याचा हात जोडलेला फोटो, एवढा मोठा की त्याखाली आमच्या सगळ्या चुली मावल्या असत्या. अट एकच : बॅनरपुढं उभं करून प्रत्येक घेणाऱ्याचा फोटो काढायचा आणि रोज संध्याकाळी पाठवायचा. आम्ही हो म्हणालो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मोबाईल माझ्या हातात होता.

दुपारी एक बाई आली. बरोबर दोन पोरं आणि एक म्हातारा. म्हाताऱ्याच्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. पोरानं भाकर बघितली आणि हात पुढं केला. मी म्हणालो, जरा इकडं उभ्या राहा, या कपड्यापुढं. तिनं बॅनरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मोबाईलकडं पाहिलं. पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, “फोटो खिंचोगे तो नहीं चाहिए, भैया.”

आणि पोराचा हात धरून चालू लागली. उपाशी. मे महिन्यात. पातूरच्या घाटाकडं.

मी तिथंच उभा. मोबाईल हातात, तोंड उघडं. चुलीपुढून आमची मोठी माय उठली. पदरात आठ-दहा भाकरी घेतल्या, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि उन्हात त्या बाईच्या मागं पळाली. साठी उलटलेली बाई. परत आली तेव्हा धापा टाकत होती. भाकरी त्यांनी घेतल्या होत्या. मोठी माय आमच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली :

“पोट्टेहो, तुमच्या आज्यानं भाकर मागाची सोडली. तुम्ही आता दुसऱ्याले मागाले लावता काय रे? त्या बाईचं थोबाड कायले पाहिजे तुमाले?”

असं कानफाड मला कुण्या भाषणानं फोडलं नाही. तेव्हापासून मनात जे साचलं ते आज कागदावर काढतो.

•

आज्यानं कोणती भाकर सोडली होती? नव्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो.

येसकराची भाकर. गावाची वेस राखायची, सारा भरायला माणसं बोलवायची, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी पाहुण्याच्या घोड्यापुढं पळायचं. दिवसभर राबून संध्याकाळी घुंगराची काठी वाजवत घरोघर जायचं. दारात नाही, दारापासून दूर उभं राहायचं. “भाकर वाढा माय” म्हणायचं. वरून तुकडा पडायचा. शिळा, उष्टा, कधी बुरशीचा. वरून, कारण हाताला हात लागता कामा नये. ती मजुरी होती, भावांनो! राबल्याची मजुरी! पण तिला भीक म्हणून वाढली जायची. घेणाऱ्यालाही पिढ्यानपिढ्या तेच वाटत राहिलं, की हे आपल्याला मिळतं ते गावाच्या उपकारानं.

बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत हेच तर सांगितलं. मेलेलं मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे सोडा. पुढल्याच वर्षी मुंबई कायदे मंडळात महार वतनाचं बिल आणलं. लोक म्हणाले, हातातली भाकर का घालवता? गावानं बहिष्कार टाकला तर खाणार काय? तरी आमच्या माणसांनी सोडली. ज्यांच्या घरात दुसऱ्या दिवशीचं पीठ नव्हतं त्यांनी सोडली. उपास काढले आणि सोडली. ती भाकर सोडणं हे आमचं पहिलं स्वातंत्र्य. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जी माणसं ताठ उभी राहिली, त्यांचा कणा ती भाकर नाकारताना तयार झाला होता.

आणि २०२० साली त्यांचा नातू, म्हणजे मी, हातात मोबाईल घेऊन म्हणतो : जरा इकडं उभ्या राहा!

घुंगराची काठी गेली, मोबाईल आला. पूर्वी भुकेल्याला ओरडून सांगावं लागायचं की मी आलो आहे. आता त्याचं तोंड दाखवून देणारा ओरडतो की मी आलो आहे. वाढणाऱ्याचा हात तेव्हाही वर होता आणि आताही वरच. फरक काय?

•

आता अंतराची गोष्ट.

एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात वाशीम जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण निघाला तो आमच्या मेडशीत. गाव सील. नाक्यावर पोलीस. आणि मग काय झालं ते ऐका. मेडशीचा माणूस म्हटलं की समोरचा चार पावलं मागं सरायचा. मेडशीच्या माणसानं दिलेली नोट कुणी हातात घेईना, खाली ठेव म्हणायचे. बाहेरगावचे सोयरे फोनवरच बोलायचे आणि तेही आखडून. गावातल्या भल्याभल्या वाड्यांमधले लोक रडकुंडीला आले. म्हणाले, आमच्याशी माणसासारखं वागत नाहीत रे लोक.

आम्ही ऐकून घेतलं. हसू आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण मनात आलं की पाटील, काही आठवडेच काढायचेत तुम्हाला. आम्ही दोन हजार वर्षं सील होतो. आमच्या वस्तीला कुण्या कलेक्टरनं पत्रा ठोकला नव्हता, तरी ती सीलच होती. ‘अंतर ठेवा’ हा शब्द तुम्हाला टीव्हीनं शिकवला, आम्हाला विहिरीनं शिकवला.

आणि रोगाचं अंतर संपलं तरी जातीचं अंतर संपलं नाही. त्याच एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात शाळेत विलगीकरणात ठेवलेल्या एका माणसानं जेवण नाकारलं. कारण? स्वयंपाक दलित बाईनं केला होता. बाई गावची प्रधान! रोगाच्या दारात बसलेला माणूस, भुकेला माणूस, तोही ताट सरकवून देतो. म्हणजे भूक सगळ्यांना सारखं करते हे पुस्तकी खोटं आहे. भूक काही करत नाही. आलेल्या २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच घडलं होतं. समुद्रानं जात विचारली नाही, पण मदत छावणीतल्या पाण्याच्या टाकीनं विचारली. दलितांनी टाकीला हात लावायचा नाही! प्रलयात सगळं वाहून गेलं, तेवढं तरंगून वर आलं.

म्हणून म्हणतो, मदत कुणी दिली एवढं सांगून चालत नाही. कशी दिली, कुठून दिली, वरून की समोरून, ते आधी सांगा.

•

दानशूराला चार शिव्या घालणं सोपं. बॅनर फाडलं की झालं. पण त्याहून मोठं बॅनर सरकारचं आहे.

२४ मार्च २०२०, रात्री आठ वाजता हुकूम सुटला. बारापासून देश बंद. चार तास! चार तासांत रोजंदारीवाल्यानं काय करायचं होतं? आणि त्याच वेळी देशाच्या सरकारी कोठारात गहू-तांदूळ किती होता? सात कोटी टनांहून जास्त. धान्य नव्हतं असं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आजीनं रोहयोची खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, तेव्हा म्हणायला तरी होतं की पाऊस पडला नाही. २०२० ला गोदामं फुगली होती आणि माणसं चालत होती. हा दुष्काळ आभाळाचा नव्हे, कुलपाचा.

मग योजना आली. माणशी पाच किलो फुकट धान्य आणि कुटुंबाला एक किलो डाळ. चांगलं केलं, मी नाही म्हणत नाही. कित्येक चुली त्यावर पेटल्या. पण कुणाला? ज्याचं नाव अन्नसुरक्षेच्या यादीत आहे त्याला. आणि यादी कशावर? २०११ च्या शिरगणतीवर. २०११ नंतर जन्मलेलं पोर, लग्न होऊन आलेली सून, वेगळं राहणारा भाऊ, नावं चढता चढत नाहीत. २०२१ ची शिरगणती त्या साली झालीच नाही. म्हणजे पोटं वाढली, यादी तेवढीच.

आमच्या वस्तीतली एक विधवा बाई. केशरी कार्ड. भूमिहीन. तिचा हिशोब मांडतो, डोकं थंड ठेवून वाचा. वाशीम हा शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांपैकी एक. म्हणून २०१५ पासून इथल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य सुरू झालं. कशावर? सातबाऱ्यावर. म्हणजे जमीन असेल तर धान्य! आणि ज्याला जमीनच नाही, जो त्या शेतकऱ्याच्या सोयाबीनात राबतो, त्या केशरी कार्डवाल्याला? काही नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला धान्य मिळालं याचं दुःख नाही, ते घर आमचंच आहे. पण सातबारा नसलेल्याच्या पोटाला सरकार पोटच म्हणत नाही, हे कुठलं शास्त्र? लॉकडाऊनमध्ये या केशरीवाल्यांना मे-जून असे दोन महिने धान्य काढलं. माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी, दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी. यादीतल्याला फुकट आणि यादीबाहेरच्या भूमिहीन विधवेला विकत! हातात मजुरी नाही त्या महिन्यात विकत! मोठ्या मायनं तिला आपल्यातलं दिलं. सरकारचं काम मोठ्या मायनं केलं.

आणि रस्त्यावरच्या निर्वासिताला? त्याचं कार्ड गावाकडं, पोट मेडशीत. १४ मे ला दिल्लीतून घोषणा झाली की कार्ड नसलेल्या आठ कोटी स्थलांतरितांना माणशी पाच किलो धान्य देणार. दीड महिन्याहून जास्त ते पोटाला काय बांधून चालले होते? आणि पाच किलो कच्चं धान्य चालणाऱ्याच्या खांद्यावर देऊन तो शिजवणार कुठं? डांबरावर?

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ रुळावर झोपले. मालगाडीनं सोळा जण चिरडले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, रुळावर विखुरलेल्या पोळ्यांचा. त्या पोळ्या त्यांनी स्वतः भाजून गाठोड्यात बांधल्या होत्या. कुणाचं बॅनर नव्हतं त्या पोळ्यांवर. आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरला सरकारनं संसदेत लिहून दिलं की लॉकडाऊनमध्ये किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती आमच्याकडं नाही.

माहिती नाही! वाटलेल्या किलोंची माहिती आहे, लाभार्थ्यांची माहिती आहे, अंगठ्यांची माहिती आहे. मेलेल्यांची नाही. कारण मेलेला माणूस बॅनरपुढं उभा राहत नाही.

•

आता शहाणे म्हणतील, फोटो हिशोबासाठी लागतो. फोटो नसेल तर मधले लोक डाळ खाऊन टाकतील. आमच्यातलेच काही शहाणे हे म्हणतात, आमचे पुढारीसुद्धा. त्यांच्याही किटवर त्यांचे फोटो होते, निळ्या रंगात छापले म्हणून ते वेगळे होत नाहीत.

मी विचारतो, हिशोब कुणाचा पाहिजे? पोत्याचा की तोंडाचा? चोरी पोत्यात होते. गोदामातून निघालेलं पोतं दुकानात किती भरलं, दुकानातून किती उतरलं, काटा कुणाचा, पावती कुठं, हे विचारा. कोठाराचा फोटो काढा. काट्याचा फोटो काढा. दुकानदाराच्या दप्तराचा काढा. ते कुणी काढत नाही. हात पसरलेल्या बाईचा काढतात. ज्यानं चोरी केली नाही, जिला करता येत नाही, तिला चोरासारखं पुढून-बाजूनं टिपतात. गावात आपण भूक बघतो असं म्हणतात ना, ते खोटं. आपण भुकेला बघतो. भूक बघायची तर गोदामाकडं तोंड करावं लागतं.

दुसरे म्हणतील, फोटो पाहून आणखी लोक मदत करतात. करत असतील. पण तुमच्या पोरीचा फोटो टाका ना मग, फाटक्या कपड्यात, हात पसरून. चालेल? नाही चालणार. मग तिचा कसा चालतो? ती कुणाची पोरगी नाही?

•

मी निर्वासित म्हटलं याच्यावर कुणी नाक मुरडेल. म्हणून मागं जातो.

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं आली. देशानं त्यांच्यासाठी टपालावर पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं जादा तिकीट लावलं. वऱ्हाडातला शेतमजूरही कार्डावर ते तिकीट चिकटवून बंगालच्या भुकेल्याला पाच पैसे देत होता. त्याचा फोटो कुणी काढला नाही, घेणाऱ्याचं तोंड त्यानं पाहिलं नाही. मदत अशीही होते, सगळ्यांनी सगळ्यांसाठी आणि हक्कानं.

पण त्याच बंगालच्या निर्वासितांची दुसरी गोष्ट आहे. फाळणीनंतर जे मागून आले त्यात मोठी संख्या नमोशूद्रांची. म्हणजे आपली माणसं. १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीवर जायला मुंबईत दार बंद झालं, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि नमोशूद्र आमदारांनी बंगालमधून त्यांना निवडून धाडलं. ते उपकार नव्हते, ती भावकी होती. त्याच नमोशूद्रांना पुढं दंडकारण्यात नेऊन टाकलं. काही आपल्या चांद्याच्या जंगलात, आजच्या गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी भागात वसवले. ओलीत शेती करणारी, मासे मारणारी माणसं खडकावर आणून टाकली आणि डोल दिला. डोल, म्हणजे सरकारी येसकर-भाकर.

१९७८ साली त्यातले हजारो उठले आणि सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेले. सरकारकडं काही मागितलं नाही. स्वतः बांध घातले, मासेमारी केली, शाळा काढली. भाकर मागायची सोडली. आणि नेमकं तेच खुपलं! जानेवारी १९७९ मध्ये पोलिसांच्या लाँचींनी बेटाला वेढा घातला. धान्य बंद. पाणी बंद. औषध बंद. अन्नपाण्यासाठी माणसांना कलकत्त्याच्या हायकोर्टात जावं लागलं. मग गोळीबार, मग मे महिन्यात झोपड्या पेटवून हुसकावणं. सरकारनं कबूल केलेले मृत्यू हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आणि ते सरकार होतं लाल झेंड्याचं, गरिबांचं नाव घेणारं.

यातून मी शिकतो ते हे : जो वरून भाकर टाकतो, त्याला ती बंद करता येते. म्हणून त्याला तुमचं तोंड पाहिजे असतं, यादी पाहिजे असते, वाकलेली मान पाहिजे असते. उद्या ताठ झालात तर कुणाची बंद करायची ते कळावं म्हणून. १९७८ ला नामांतराच्या ठरावानंतर पैनगंगेपलीकडं मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारला गेला. आपलीच माणसं आपल्याच मुलखात निर्वासित झाली. आणि आजही गावकीचा बहिष्कार पडला की पहिल्यांदा काय बंद होतं? किराणा. पिठाची गिरणी. शेतावरचं काम. म्हणजे भाकर. त्याविरुद्ध राज्याला २०१६ साली कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

•

मग द्यायचंच नाही का कुणी? असं म्हणणारा मूर्ख असेल, किंवा कधी उपाशी झोपला नसेल.

द्यायचं. पण कसं, ते आपल्या घरात लिहून ठेवलेलं आहे. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव-सावित्रीबाईंनी आणि सत्यशोधकांनी धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. सावित्रीबाई ओतूर-जुन्नरकडं फिरत होत्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि १० मार्चला त्याच रोगानं गेल्या. पाठीवर घेतलं! वरून टाकलं नाही. अंतर ठेवून देणं आणि पाठीवर घेणं, या दोन्हींत सगळा फरक आहे.

आणि २०२० मध्येही असे लोक होते. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ नागपूर-हैदराबाद महामार्गावर शिखांचा लंगर लॉकडाऊनभर जळत राहिला. ट्रकवाला, चालणारा, गुरंढोरं, कुणाला जात विचारली नाही, कार्ड विचारलं नाही. लंगरात बसलेला माणूस घेणारा नसतो, पंगतीतला असतो. ज्याचं चांगलं ते चांगलं म्हणावं.

आम्ही काय केलं ते सांगतो. त्याच संध्याकाळी बॅनर उतरवलं. त्याचं ताडपत्र करून चुलींवर सावली धरली, फोटो आतल्या बाजूला. दानशूराला फोन केला की फोटो मिळणार नाहीत, पोत्याचा हिशोब देतो. त्यानं डाळ बंद केली. पातूर-मालेगावकडून कुणी तिसऱ्या माणसानं द्यावी म्हणून आम्ही वाट पाहिली. कुणी दिली नाही.

तिसऱ्या दिवशी भाकरी कमी पडल्या. शेवटच्या टोळीतली अकरा माणसं नुसतं पाणी पिऊन पुढं गेली. हे लपवत नाही. रात्री आमच्यात भांडण झालं. एक पोरगा म्हणाला, तुमच्या मानापायी अकरा जण उपाशी गेले. तुमचा मान त्यांच्या पोटात घाला आता. मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर झोप आली नाही.

आज उत्तर देतो. त्या अकरा जणांना आमच्या मानानं उपाशी धाडलं नाही. एका माणसाला आपलं तोंड मोठं बघायचं होतं आणि एका सरकारला आपलं कुलूप सांभाळायचं होतं, त्यांनी धाडलं. मान आणि भाकर यातलं एक निवडा, हा सवालच त्यांचा आहे. आपण तो सवाल घ्यायचाच नाही. मोठ्या मायनं तो उन्हात पळून मोडून काढला. भाकरही दिली आणि मानही ठेवला. तिला एक मिनिट लागलं नाही ठरवायला.

चौथ्या दिवसापासून घरटी एक शेर ज्वारी जास्त ठरली. भूमिहीनांच्या वस्तीत, काम बंद असताना. बाकीच्या मोहल्ल्यांतूनही काही घरांनी पीठ आणून दिलं. नावं विचारली नाहीत. माठ एक, ग्लास एक, पंगत एक. जेवायला बसवायचं, उभ्यानं द्यायचं नाही. वाटेसाठी कच्चा तांदूळ नाही, भाकर, ठेचा, कांदा आणि गूळ-शेंगदाणे. कार्ड, जात, गाव विचारायचं नाही. हिशोब रोज विहाराच्या भिंतीवर खडूनं : किती पीठ आलं, किती भाकरी झाल्या, किती कमी पडल्या. कमी पडल्याचा आकडाही लिहायचा. सरकारनं कधी लिहिलाय?

पुन्हा संकट येणारच आहे. रोग येईल, पूर येईल, दंगा येईल. तेव्हा आपण मागू नये, वसूल करावं. संकटात कार्ड न बघता रेशन. सातबारा न बघता रेशन. रस्त्यावर चालणाऱ्याला शिजलेलं अन्न. २९ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की साथ चालू आहे तोवर स्थलांतरितांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवा. आपल्या तालुक्यात ती कुठं चालली ते ग्रामसभेत उभं राहून विचारा. रेशनच्या पोत्यांचं चावडीवाचन मागा. आणि धान्याच्या पिशवीवर कुण्याही पुढाऱ्याचं तोंड छापलेलं दिसलं, आपल्या पुढाऱ्याचंही, तर पिशवी उलटी करून घ्या. धान्य आपल्या घामाचं आहे. छपाईचा खर्चही आपलाच.

आणि तुम्ही, चळवळीतल्या पोरांनो, वाटायला उभे राहाल तेव्हा मोबाईल घरी ठेवा. नसेल जमत तर निदान चुलीकडं तोंड करून उभे राहा. तिथं मोठी माय बसलेली असते.

जय भीम!